त्राटिकेच्या डोक्याला माझं कव्हर

इस्त्रीच्या टेबलाचं कव्हर धुण्याची रीत.

पहिली गोष्ट : कव्हर टेबलावरून काढा.

त्यासाठी ते टेबलावर असावं लागतं.

नव्हतं.

पुन्हा सुरू करते.

*

मी मीना. मोखाड्यात एस.टी. स्टँडच्या रस्त्याला माझी पत्र्याची टपरी आहे. आत एक लांब टेबल, कोळशाची इस्त्री आणि मला उभं राहण्यापुरती जागा. तीस एप्रिलच्या सकाळी दार उघडलं तर टेबल नागडं होतं. वरचं कव्हर गायब. खालची घोंगडी एका बाजूला ओढलेली, आणि फळीवरचा जुना जळका डाग, जो मी कधी कुणाला दाखवला नाही, तो रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत होता. कोपऱ्यात पांढऱ्या कपड्यांची गाठोडी तशीच होती. साहेबांच्या पँटी, गुरुजींचे सदरे, बाईंच्या सुती साड्या, सगळं जागेवर. इस्त्रीही जागेवर. चोरानं एवढ्या सगळ्यातून नेलं काय, तर माझं कव्हर.

कुलूप शाबूत होतं. त्याची दुसरी किल्ली आमच्या घरात, दारामागच्या खिळ्याला असते.

तिथेच मला कळायला हवं होतं.

*

दुसऱ्या दिवशी एक मे. महाराष्ट्र दिन, झेंडावंदन. त्या सकाळी आमच्याकडे ज्याला ज्याला सरकारी नोकरी आहे तो प्रत्येक जण पांढरा असतो. वर्षभर कसलेही चुरगळलेले शर्ट घालून फिरणारी माणसं त्या दिवशी खळ घातलेल्या सदऱ्यात ताठ उभी राहतात, आणि तो ताठपणा माझ्या टेबलावरून जातो. गाठोडी त्याचीच होती. संध्याकाळपर्यंत सगळं तयार करून द्यायचं, असा शब्द दिलेला. शब्द मोडला तर पुढच्या वेळी गाठोडी जीपमध्ये बसून जव्हारला जातात, आणि गेलेलं गिऱ्हाईक परत येताना मी तरी पाहिलेलं नाही.

"टाक की एखादी चादर," शेजारची चहावाली सुकरी म्हणाली. "कापड ते कापड."

सुकरीवर माझा जीव आहे, म्हणून तिला काही बोलले नाही. तुम्हाला बोलते.

कुठली चादर टाकू? घरातली, फुलाफुलांची? पाण्याचा हबका आणि वर गरम इस्त्री बसली की तिची फुलं साहेबांच्या पाठीवर उमटतील. साधी टाकली तर ती सरकते. सरकली की तिला सुरकुती पडते, आणि खालची सुरकुती वरच्या सदऱ्यात उतरते. तुम्ही सदरा घासत बसता, दोष असतो खाली. कापड ते कापड नसतं.

माझं कव्हर मांजरपाटाचं. शिवण्याआधी कापड उकळून घेतलं होतं, कारण कोरा मांजरपाट आटतो आणि मग टेबलाचे कोपरे उघडे पडतात. कडेनं नेफा, नेफ्यात नाडी, नाडी टेबलाखाली आवळून बांधलेली. वरून हात फिरवला तर ढोलाच्या कातड्यासारखं लागायचं. पांढऱ्या कपड्यांना मी भाताच्या पेजेची खळ देते. ती खळ थोडी थोडी कव्हरात उतरते, इस्त्रीखाली भाजते, पिवळी पडते, तिची खरपुडी होते. ती वेळच्या वेळी ओल्या फडक्यानं पुसून घेतली नाही तर पुढच्या सदऱ्याच्या कॉलरला लागते. म्हणून रोज पुसायचं. म्हणून आठवड्याला धुवायचं. पाऊस असो, थंडी असो, आणि आता आहे तसा वैशाख असो, टँकर कधी येतो आणि कधी येतच नाही.

गेल्या रविवारी मी माझ्या अंघोळीचं पाणी कव्हराला दिलं आणि स्वतः ओल्या फडक्यानं अंग पुसलं. नवरा म्हणाला, "टेबलाला आंघोळ आणि बायको पारोशी!" घरात सगळे हसले. मीसुद्धा हसले.

आता हसत नाही.

*

नितीन, माझा धाकटा दीर. सुकरीच्या बाकड्यावर चहा पीत बसलेला, डोळे लाल, केसात गुलाल.

मी : किल्ली कुणी घेतली होती?

तो : कसली किल्ली?

मी : नितीन.

तो : अगं ते होय! घाबरलो ना वैनी मी. ते दादाच्या डोक्याला बांधलं काल.

मी : काय बांधलं?

तो : तुझं ते टेबलाचं फडकं.

मी : फडकं?

तो : म्हणजे ते. जाड आहे ना, मऊ पण आहे. एकदम फिट बसलं. दादा काय नाचला काल, वैनी! तू बघायला हवी होतीस.

सुकरीनं माझ्याकडे बघितलं आणि हळूच त्याच्या हातातला कप काढून घेतला. कप तिचा होता. मी काय फेकेन याचा तिला अंदाज होता.

*

बोहाडा ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी : ओळीनं काही रात्री, रात्रभर मुखवटे घालून देवांची, राक्षसांची सोंगं नाचतात. संबळ वाजतो, पिपाणी वाजते, टेंभे धरलेले असतात, आणि एकेक सोंग गर्दीतून वाट काढत पुढे येतं. कुठलं सोंग कुठल्या घराचं हे ठरलेलं असतं. आमच्या घराकडे त्राटिका. आधी सासरे ढवळू नाचायचे, आता माझा नवरा देवानंद नाचतो. लुगडं नेसून, दात विचकून. मुखवटा लाकडाचा, जुना, घागरीएवढा जड. तो थेट डोक्यावर बसवला तर कपाळ सोलून निघतं, म्हणून आत कापडाची चुंबळ लागते. सोंगाचं जुनं कापड पेटीत असतं, ते यंदा उंदरांनी कुरतडलं. मग या घरातल्या बाप्यांनी विचार केला. घरात जाड कापडं होती. देवानंदचं स्वतःचं धोतर होतं, नितीनची जीन होती, सासऱ्यांचा टॉवेल होता. ते सगळं ओलांडून, दारामागची किल्ली घेऊन, स्टँडपर्यंत चालत जाऊन, कुलूप उघडून, टेबलाखाली वाकून, नाडीची गाठ सोडून...

ती गाठ सोडायला वेळ लागतो. मीच बांधते म्हणून सांगते. तेवढ्या वेळात एकाच्याही मनात आलं नाही की जिचं आहे तिला विचारावं?

*

दुसरी गोष्ट : धुण्याआधी डाग नीट पाहून घ्या. कोणता डाग कशाचा हे कळल्याशिवाय पाणी लावू नका.

बोहाड्याच्या मांडवात गेले. मुखवटे भिंतीच्या कडेनं ओळीनं ठेवलेले, समोर तांदूळ, उदबत्त्यांची राख. रात्रभर नाचलेले बाप्ये आडवे-तिडवे झोपलेले. देवानंद एका कडेला, तोंड उघडं, कपाळावर लाल रंगाचे ओघळ. आणि त्राटिकेच्या पोकळ डोक्यात, पिळून, गाठ मारून कोंबलेलं माझं कव्हर. घामानं ओलं होऊन अर्धवट वाळलेलं. देवानंदच्या केसांचं तेल. लाल रंग. आणि नेफा एका बाजूनं उसवलेला, नाडी बाहेर लोंबत होती.

मी हात पुढे केला.

"हां हां हां!" मुखवट्यांची राखण करणारा पुंजा आजा खांबाला टेकून बसला होता, तो ओरडला. "हात नको लावू, पोरी."

"माझं कव्हर आहे, आजा."

"होतं," पुंजा आजा म्हणाला. "सोंगाच्या डोक्याला लागला ना कापड, मंग तो सोंगाचा झाला. परत न्यायचा नाय, धुवायचा तर नायच नाय. आज राती तोच, पुढल्या सालाला तोच बांधायचा. पेटीत ठेवायचा."

"मला विचारलं नाही कुणी."

"सोंगाला काय विचारायचं असतं का?"

ढवळूबाबा, माझे सासरे, उठून बसले होते. "जाऊ दे ना मीना. काय झाला एवढा? देवाच्या कामाला गेला कापड, पुण्य लागला तुला. मांजरपाट काय सोन्याचा असतो? नवा शिव."

नवा शिव. आज आणा, आज उकळा, आज वाळवा, आज शिवा. आणि गाठोडी?

आवाजानं देवानंद जागा झाला. सगळ्यांकडे बघून त्याला समजलं.

"माझं डोकं फुटलं असतं तर बरं वाटलं असतं तुला?" तो म्हणाला.

"विचारलं असतंस तर दुसरं दिलं असतं."

"विचारायला तू जागी होतीस का?"

"जागी होते. तुमच्या भाकऱ्या थापत होते."

कुणीतरी गोधडीखालून हसलं. "त्राटिका कोण नक्की, हा की ही?" त्यावर आणखी दोघं हसली.

*

इथे रीत थांबवते. मला काही विचारायचं आहे.

नाचणाऱ्याची टोपी कुणी न विचारता टेबल पुसायला घेतली असती तर? संबळवाल्याचा संबळ मी कपडे ठेवायला वापरला असता, एक दिवस, उलटा करून, तर तो इस्त्रीचा झाला असता का? शेतावरची कुऱ्हाड, मासळीचं जाळं, मास्तरांचं पेन, यांच्यावर कुणाचा तरी हक्क असतो. मग बाईनं शिवलेलं, बाईनं धुतलेलं, बाईच्या पोटापाण्याचं कापड हे जाता-येता कुणीही उचलावं असं फडकंच का असतं? आणि ज्या क्षणी पुरुषाच्या हातून ते देवापर्यंत पोचलं, त्या क्षणी ते पवित्र कसं झालं, की आता धुवायचंसुद्धा नाही? काल संध्याकाळपर्यंत फडकं, रात्रीपासून देव. मधे माझं म्हणून ते कधी होतं?

देवाशी माझं भांडण नाही. दर वर्षी मीपण त्राटिकेसमोर डोकं टेकते.

*

तिसरी गोष्ट : कपडे वेगळे करा.

टपरीवर परत आले. सुकरीला म्हटलं, "एक बाजू धर." ती काही न विचारता उठली. आम्ही दोघींनी मिळून गाठोडी डोक्यावर घेतली आणि भर बाजारातून मांडवात आणली. वाटेत लोक विचारत होते, "मीनाताई, दुकान कुठं निघालं?" मी म्हणत होते, "नव्या मालकिणीकडे."

मांडवात मुखवट्यांसमोर गेले आणि त्राटिकेपुढे सगळी गाठोडी सोडली. एकेक गाठ उघडली. पांढरा सदरा, पांढरी पँट, पांढरी साडी, सगळ्यांचा ढीग. ढीग असा रचला की वरचा सदरा त्राटिकेच्या हनुवटीला टेकला. मुखवट्याला मी बोटसुद्धा लावलं नाही.

"त्राटिकाबाई," मी म्हटलं, "कव्हर तुझं झालं. मग कामही तुझं. हे सगळं संध्याकाळपर्यंत करून दे. सकाळी झेंडावंदन आहे. खळ पेजेची घाल, पातळ. कॉलर आतून आधी."

मग गोधडीखालचे सगळेच बाहेर आले.

कारण काय झालं, तर बोहाडा बघणारे आणि झेंड्याखाली उभे राहणारे आमच्याकडे वेगळे नसतात. रात्री ज्यांनी टेंभे धरले, त्यातल्याच कितीतरी जणांचे सदरे त्या ढिगात होते. गौतम पुढे आला. हा पुंजा आजाचा मुलगा, पंचायत समितीत क्लार्क, आणि सकाळी झेंडा बांधण्याचं काम त्याच्याकडे. त्यानं ढिगात वाकून बघितलं, त्याचा चेहरा पडला.

"अगं, हा वरचा माझा सदरा आहे!"

"होता," मी म्हटलं. "सोंगाला लागला."

"मीना, मस्करी नको हां. उद्या मला साहेबांच्या शेजारी उभं राहायचंय."

"आजाला विचार. न्यायचा नाही, धुवायचा तर नाहीच नाही. पेटीत ठेवा आता, पुढच्या बोहाड्याला होईल."

"बाबा!" गौतम पुंजा आजाकडे वळला. "सांगा ना हिला काहीतरी!"

पुंजा आजानं ढिगाकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, मग कान खाजवला. मांडवात कुजबुज सुरू झाली. एक जण म्हणाला, टेकलं म्हणजे लागलं नाही. दुसरा म्हणाला, बाईनं टेकवलेलं चालत नसतं. तिसऱ्याचा सदरा ढिगात तळाला होता, तो म्हणाला, तळाचे कपडे तर लागलेच नाहीत, ते काढून घेऊ. मी म्हटलं, "एकाचं लागलं तर सगळ्यांचं. गाठोडं एकच होतं." खरं तर नव्हतं. पण आता नियम कुणीही करत होतं, तर मीपण केला.

शेवटी पुंजा आजा खाकरला.

"नारळ फोडला म्हणजे सुटतं."

"काय सुटतं?"

"लागलेला सुटतं. सोंगाचा मान झाला, कापड मोकळा. तसा चालतं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "म्हणजे नारळ फोडून परत नेता येतं?"

"येतं ना."

"मग मघाशी मला का नाही सांगितलंत?"

पुंजा आजा खोटं बोलला नाही, एवढं त्याचं मानायला हवं. तो म्हणाला, "मघाशी तुझा एक फडका होता, पोरी. त्यासाठी कोण नारळ फोडतं? आता अर्ध्या हापिसाचे कपडे हायत."

*

अर्ध्या हापिसाचे कपडे हायत.

हे वाक्य मी अजून चावते आहे. ते मऊ होत नाही.

*

गौतम धावत जाऊन नारळ घेऊन आला. ढिगाकडे जाणाऱ्या त्याच्या हातापुढे मी आडवी उभी राहिले.

"आधी कव्हर."

"अगं सगळ्यांचा एकच नारळ..."

"आधी कव्हर सुटेल. मग सदरे. कव्हर नाही सुटलं तर सदरे नेऊन तुम्ही करणार काय? हातानं चोळणार?"

नारळ फुटला. पाणी जमिनीत गेलं. देवानंद उठला, त्राटिकेच्या डोक्यातून त्यानं कव्हर ओढून काढलं आणि माझ्यापुढे धरलं. तो काहीतरी बोलेल म्हणून मी थांबले. तो म्हणाला, "घे."

एवढंच. घे. जसं काही तो मला देत होता.

*

चौथी गोष्ट, आणि ही नीट ऐका, कारण यात चूक झाली तर पुढचं सगळं फुकट : घामाला गरम पाणी लावायचं नाही. गरम पाण्यानं घाम कापडात शिजतो आणि पिवळा होऊन कायमचा बसतो. आधी रंग कोरडाच झटकायचा, चोळायचा नाही. तेलाच्या जागी पीठ दाबून ठेवायचं, ते तेल ओढतं. मग गार पाणी. भरपूर.

भरपूर. वैशाखात, मोखाड्यात.

मांडवामागे एक ड्रम होता. सोंगांना सकाळी तोंडं धुवायला गावानं भरून ठेवलेला. टँकरचंच पाणी. मी बादली त्यात बुडवली. नितीननं तोंड उघडलं होतं, मग त्याचाही एक पांढरा शर्ट त्याच ढिगात आहे हे त्याला आठवलं असावं, त्यानं तोंड मिटलं. त्या सकाळी निम्मे राक्षस तसेच रंगलेल्या तोंडानं घरी गेले.

साबण लावला, दगडावर आपटलं नाही, हातानंच कुस्करलं. घाम गेला. तेल गेलं. लाल रंग फिकट झाला, गुलाबी झाला, तिथेच थांबला. लिंबू चोळलं, मीठ चोळलं, उन्हात दगडावर पसरलं. थोडं ऊन लागल्यावर उचलून आणलं आणि सुकरीच्या बाकड्यावर बसून नेफा शिवला, ओलाच. सुई ओल्या मांजरपाटातून लवकर जात नाही. प्रत्येक टाक्याला मी कुणाचं ना कुणाचं नाव घेत होते.

पूर्ण वाळू द्यायचं नाही. जरा दमट असतानाच टेबलावर चढवायचं, नाडी आवळायची, म्हणजे वाळताना ते स्वतःच ताणलं जातं. ढिगातले कपडे ज्यांचे होते त्यांनीच टपरीवर आणून टाकले. मी घोंगडी सरळ केली. कव्हर चढवलं. गुलाबी डाग भिंतीच्या बाजूला येईल असं फिरवलं. टेबलाखाली वाकून गाठ मारली. अशी मारली की पुन्हा ती सुटणार नाही, कापावीच लागेल. कोळसे फुंकले. रिकाम्या कव्हरावर आधी इस्त्री फिरवली, शेवटचा दमटपणा जाईपर्यंत. जुनं पांढरं फडकं डागावर ठेवून, दाबून पाहिलं. रंग उतरला नाही. मगच पहिला सदरा घेतला. तो गौतमचा नव्हता. गौतमचा सगळ्यात शेवटी केला. चांगला केला. माझ्या टेबलावरून वाईट काम जात नाही, राग कितीही असला तरी.

ऊन उतरेपर्यंत माणसं येत राहिली, आपापले कपडे नेत राहिली. एकानंही सकाळचा विषय काढला नाही. दोघा-तिघांनी कव्हराकडे चोरून बघितलं, आणि कपडे घेताना टेबलाला हात लागणार नाही याची काळजी घेतली. बरं झालं. आता टेबल देवाचं म्हणून घाबरतात की माझं म्हणून, ते त्यांचं त्यांना माहीत.

*

दिवे लागायच्या आधी देवानंद आला. बोहाड्याची शेवटची रात्र होती, शेवटी जगदंबेचं सोंग निघतं आणि त्याआधी बाकी सगळी सोंगं पुन्हा एकदा येतात. तो दारात उभा राहिला. आत आला नाही.

"मीना."

मी सुती साडी घडी करत होते. घडीच्या मधे बोलत नाही मी.

"डोक्याला काय बांधू आता?"

घडी पुरी केली. गठ्ठ्यावर ठेवली.

"विचारतोयस?"

"विचारतोय की."

"मला काय विचारतोस? ज्याच्या वस्तू घेतोस त्याला विचारायचं असतं. स्वतःच्या वस्तूला विचारावं लागत नाही."

बाहेर सुकरी कप विसळत होती, तिचा हात थांबला. मग देवानंदनं अंगातला शर्ट काढला. चांगला होता, निळ्या रेघांचा, मीच इस्त्री केलेला. त्यानं तो घडी करून पाहिला, डोक्यावर ठेवून पाहिला. घसरला. पुन्हा पिळून, चुंबळ करून ठेवला.

"राहील का?" त्यानं विचारलं.

"नाचून बघ," मी म्हटलं.

तो उघड्या अंगानं बाजारातून मांडवाकडे गेला. एका हातानं डोक्यावरचा शर्ट धरून. कुणीतरी हाक मारली, "देवा, शर्ट सोंगाचा झाला का रे?"

कव्हरावर ओल्या फडक्याचा हात फिरवला. खळ पुसली. डागापाशी थांबले, पुन्हा घासलं. गेला नाही. कोळसे अजून लाल होते, आणि बाईंची एक साडी राहिली होती.